जुन्या जग्वारच्या रेडिएटरमध्ये काय भरावे? कूलंटचा शंभर वर्षांचा इतिहास

आजचा धागा राजांचा नाही, लढायांचाही नाही; तरी त्यात एक महायुद्ध आहे, एक गाजलेली शर्यत आहे आणि एक गोडसर विष आहे.

क्षणभर असे समजा की, १९६० च्या दशकातली एक जग्वार ई-टाइप तुमच्यासमोर उभी आहे. इंजिन खोलून, साफ करून पुन्हा बांधले आहे. रेडिएटर मात्र रिकामा आहे. दुकानातल्या फळीवर हिरव्या, निळ्या, लाल, गुलाबी आणि जांभळ्या द्रवांचे डबे ओळीने मांडले आहेत. प्रत्येकावर ‘सर्व गाड्यांसाठी’ असे ठळक छापलेले. यातला अयोग्य डबा ओतला, तर साठ वर्षे टिकलेले इंजिन मोजक्या वर्षांत आतून कुजू शकते, आणि ते बाहेरून दिसतही नाही. कोणता डबा घ्यावा हा प्रश्न रसायनशास्त्राचा वाटतो. माझ्या मते तो इतिहासाचा आहे.

आरंभी अर्थातच पाणी होते. कार्ल बेंझच्या १८८६ च्या तीनचाकी गाडीत इंजिनाभोवतीचे पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि चालक वाटेत पुन्हा भरत राही. १९०१ च्या मर्सिडीझमध्ये विल्हेल्म मायबाखने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. तेच थोडे पाणी फिरत राहून वाऱ्याने थंड होऊ लागले. उष्णता वाहून नेण्यात पाण्याला तोड नाही. पण त्याचे दोन दोष प्रत्येकाला ठाऊक होते. ते शून्य अंशाला गोठते, गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि ओतीव लोखंडाचा ठोकळा फोडते. आणि शंभर अंशांना उकळते. तिसरा दोष गंजाचा. त्याची दखल फार उशिरा घेतली गेली, आणि आपल्या जग्वारचे भवितव्य नेमके त्याच तिसऱ्या दोषाशी बांधलेले आहे.

थंड देशांतल्या लोकांनी गोठण्यावर नाना उपाय केले. मद्यार्क घातला, तो उडून गेला. कॅल्शियम क्लोराईड घातले, त्याने धातू खाल्ला. ग्लिसरीन वापरले, काहींनी तर मध आणि साखरही घालून पाहिली! खरे उत्तर तेव्हा प्रयोगशाळेत पडून होते. फ्रेंच रसायनज्ञ शार्ल-अडॉल्फ वुर्ट्झ याने १८५६ मध्ये एथिलीन ग्लायकॉल तयार केले होते, पण त्याचा उपयोग कोणालाच सुचला नव्हता. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ग्लिसरीनचा तुटवडा भासला, तेव्हा स्फोटके बनवण्यासाठी या द्रवाची आठवण झाली. १९२० च्या दशकात अमेरिकेच्या युनियन कार्बाइडने ते कारखान्यात बनवायला घेतले आणि १९२७ मध्ये ‘प्रेस्टोन’ या नावाने मोटारवाल्यांना विकू लागली. जर्मनीत बीएएसएफचे ‘ग्लायसँटिन’ १९२९ मध्ये आले. स्फोटकांच्या वाटेने आलेला हा द्रव असा घरोघरीच्या मोटारीत शिरला.

पण ग्लायकॉलला खरी प्रतिष्ठा मिळाली ती विमानांनी.

रेडिएटर जितका मोठा, तितका वाऱ्याचा अडथळा मोठा. म्हणून १९३० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटिश अभियंत्यांनी एक धाडसी विचार केला: पाणी मुद्दाम उकळू द्यावे, वाफ पंखांतल्या पोकळीत नेऊन थंड करावी आणि परत आणावी. सुपरमरीनचे टाइप २२४ हे विमान १९३४ मध्ये याच पद्धतीने उडाले आणि सपशेल फसले. परत येणारे पाणी इतके तापलेले असे की, पंपाच्या तोंडाशीच त्याची पुन्हा वाफ होई आणि पंप लुळा पडे. मग शुद्ध ग्लायकॉलचा मार्ग निघाला. ते १९७ अंशांना उकळते, त्यामुळे इंजिन अधिक गरम चालवता येते आणि रेडिएटर लहान ठेवता येतो. ५ मार्च १९३६ रोजी पहिले स्पिटफायर आकाशात गेले, तेव्हा त्याच्या मर्लिन इंजिनात हेच ग्लायकॉल फिरत होते.

मात्र शुद्ध ग्लायकॉल पाण्याच्या जवळपास निम्मीच उष्णता वाहून नेते, आणि तापल्यावर पेटते. शत्रूची एक गोळी रेडिएटरला लागली की, विमानामागे पांढरा पट्टा उमटे आणि वैमानिकाच्या हाती थोडीच मिनिटे उरत. रोल्स-रॉइसने पुढे मर्लिनच्या बाराव्या आवृत्तीपासून ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल असे मिश्रण स्वीकारले आणि ते दाबाखाली ठेवले. वातावरणाच्या दुप्पट दाबाखाली साधे पाणीदेखील १२० अंशांपर्यंत उकळत नाही. मग शुद्ध ग्लायकॉलचा हट्ट कशाला? आज आपल्या गाडीच्या रेडिएटरचे झाकण दाबाने बसते, त्यामागे हाच विचार आहे. (गरम इंजिनाचे झाकण उघडू नये, हेही त्याच ओघात आले.)

आता कॉव्हेंट्रीला येऊ. १४ नोव्हेंबर १९४० च्या बाँबहल्ल्यात हे शहर भाजून निघाले. पुढे जग्वार म्हणून ओळखल्या गेलेल्या कारखान्याच्या छपरावर विल्यम लायन्स, विल्यम हेन्स, वॉल्टर हॅसन आणि क्लॉड बेली आगीवर पाळत ठेवण्यासाठी रात्री जागत आणि युद्धानंतरच्या इंजिनाची चर्चा करत. त्या जागरणांतून उभे राहिलेले एक्सके इंजिन १९४८ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात जगापुढे आले. ठोकळा ओतीव लोखंडाचा, डोके ॲल्युमिनियमचे. आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे रेडिएटर तांबे-पितळेचा, शिसे-कथिलाच्या डाखाने जोडलेला.

ही यादी पुन्हा वाचा. लोखंड, ॲल्युमिनियम, तांबे, पितळ, शिसे, कथील. आणि या सर्वांना जोडणारा, वीज वाहणारा एकच द्रव. शाळेत आपण जी विद्युतघटाची आकृती काढतो, ती याहून फार वेगळी नसते. यात सर्वांत आधी बळी जातो तो ॲल्युमिनियमचा.

एक्सके इंजिनाच्या थंडाव्याची सर्वांत कठोर परीक्षा १९५२ च्या ल माँ शर्यतीत झाली. मे महिन्यात इटलीतल्या मिल्ले मिल्या शर्यतीत स्टर्लिंग मॉसने नव्या मर्सिडीझचा वेग पाहिला आणि अधिक वेगाची गाडी हवी, अशी तार लायन्सला केली. घाईघाईने सी-टाइपचे नाक लांब आणि खालच्या बाजूला झुकलेले केले गेले. त्या नाकात बसावी म्हणून थंडाव्याची मांडणीही बदलली. जूनमध्ये तिन्ही गाड्या पहिल्या काही तासांतच बाद झाल्या. दोघींच्या हेड गॅस्केट उष्णतेने गेल्या, मॉसच्या गाडीचा तेलाचा दाब बसला. शर्यत मर्सिडीझने जिंकली.

दोष सर्वांनी नाकाच्या आकाराला दिला. नंतर नॉर्मन ड्यूइस या चाचणी-चालकाने गाडी मैदानावर पळवून शोध घेतला, तेव्हा निराळेच निघाले. पंपाची पुली लहान असल्यामुळे पंप अतिवेगाने फिरे आणि पाण्यात बुडबुडे उठत. बुडबुड्यांनी उष्णता वाहत नाही. शिवाय पाण्याची टाकी रेडिएटरपासून दूर होती आणि तिची नळी अवघी २२ मिलिमीटरची. पुली मोठी केली, नळी ३२ मिलिमीटरची घातली आणि ताप उतरला. पुढच्याच वर्षी टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी सी-टाइपवरच ल माँ जिंकली. आजही गाडी तापली की लोक आधी महागडे कूलंट आणायला धावतात. बहुतेक वेळा दोषी असतो तो पंप, तुंबलेला रेडिएटर किंवा थर्मोस्टॅट.

मग कूलंटचे खरे काम कोणते? गंज रोखणे. ग्लायकॉल जुने होते तसतशी त्यातून आम्ले तयार होतात आणि धातू खाऊ लागतात. म्हणून त्यात रक्षक क्षार घालतात: सिलिकेट, फॉस्फेट, बोरॅक्स, नायट्राइट, बेंझोएट. सिलिकेट ॲल्युमिनियमवर झटपट पातळ कवच चढवते. तांब्यासाठी आणि डाखासाठी आणखी वेगळे रक्षक लागतात. एक्सके इंजिनाच्या काळातल्या द्रवांची घडण याच धातूंसाठी झालेली होती. त्यांची उणीव एकच, हे क्षार लवकर संपतात. म्हणून दर दोन वर्षांनी द्रव बदलायचा, हा जुना नियम.

१९९० च्या दशकात गाड्या बदलल्या. रेडिएटर ॲल्युमिनियमचे आणि प्लास्टिकचे झाले, डाख हद्दपार झाला. सेंद्रिय आम्लांवर आधारलेली दीर्घायुषी कूलंट आली. पाच वर्षे बघायला नको, अशी त्यांची ख्याती. नव्या इंजिनांसाठी ती उत्तम आहेत. परंतु त्यांचे संरक्षण सावकाश बसते, शिशाच्या डाखाची काळजी त्यांनी फारशी घ्यावी अशी अपेक्षाच नव्हती, आणि त्यांतली काही रसायने जुन्या सीलना मानवत नाहीत. फोक्सवॅगनच्या जुन्या निळ्या-हिरव्या द्रवात नवा लाल द्रव मिसळला गेला, तेव्हा काय होते तेही लोकांनी पाहिले: तपकिरी गाळ.

आणि रंग? रंग म्हणजे केवळ रंग. त्याला सर्वमान्य अर्थ नाही. युरोपातले पाणी कठीण, म्हणून तिथल्या कंपन्यांनी फॉस्फेट टाळले. जपान्यांनी सिलिकेट टाळून फॉस्फेट धरले. दोघांचेही द्रव हिरवे असू शकतात.

आपल्याकडे एक समजूत फार रुजलेली आहे: इथे बर्फ पडत नाही, मग नळाचे पाणी चालते. खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, पाण्याची कॅन हाती घेऊन उभे राहिलेले चालक एका पिढीने पाहिले आहेत. पुण्या-मुंबईत गोठण्याचे भय नाही हे खरे. पण विद्युतघटाला थंडी लागत नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार तर इंजिनात तसाच थर धरतात, जसा घरच्या गीझरमध्ये धरतात.

तेव्हा त्या ई-टाइपसाठी माझे उत्तर: डब्याचा रंग न पाहता मागची बाजू वाचावी. सिलिकेटसह जुन्या घडणीचे रक्षक असलेले, तांबे-पितळ आणि डाख यांना चालते असे स्पष्ट लिहिलेले एथिलीन ग्लायकॉल घ्यावे. ऊर्ध्वपातित पाण्यात ३३ ते ५० टक्के मिसळावे. त्याहून अधिक घातले तर थंडावा उलट कमी होतो. आधीचा द्रव पूर्ण धुऊन काढावा आणि दोन वर्षांनी, गाडी हलली नसली तरी, बदलावा. १९८० नंतरची, सबंध ॲल्युमिनियम इंजिनाची गाडी असेल तर हे उत्तर लागू नाही. तिथे निर्मात्याच्या पुस्तिकेतला मानक शोधावा. शर्यतीच्या ट्रॅकवर ग्लायकॉलला बहुधा मनाई असते, कारण सांडले की डांबर साबणासारखे निसरडे होते. तिथे पाणी आणि गंजरोधक भरतात.

काढलेला द्रव गटारात किंवा अंगणात ओतू नये. त्याची चव गोड असते, कुत्री-मांजरे तो चाटतात आणि थोड्या मात्रेनेही मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. झाकणाच्या डब्यात भरून, नाव लिहून, मुलांच्या हाताबाहेर ठेवावा. आणि बंद करण्यापूर्वी त्याचा रंग एकदा उजेडात पाहावा. तपकिरी दिसला तर तो गंज आहे, आणि तो तुमच्याच इंजिनातून आलेला आहे.