चेहऱ्यावरील पाच पर्वत

मुलगी पाहावयास आलेल्या मंडळींपैकी कोणी तरी हळूच "कपाळ जरा मोठं आहे, नाही?" असे म्हटलेले आपल्यापैकी अनेकींच्या कानांवर आले असेल. आपल्याकडे अशा बोलण्यामागे सामुद्रिकशास्त्राचा आधार सांगतात. चीनमध्येही मुखावरून भविष्य वाचण्याची विद्या दोन हजार वर्षांहून जुनी आहे, आणि तिचा जाच तेथेही स्त्रियांना अधिक झाला.

ही विद्या चेहऱ्याकडे जणू एक देश म्हणून पाहते. कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन गाल हे पाच पवित्र पर्वत. कान, डोळे, नाक व तोंड या चार नद्या. कपाळावरून तारुण्य, भुवयांपासून नाकाच्या शेंड्यापर्यंतच्या भागावरून मध्यवय आणि त्याखालच्या भागावरून वार्धक्य सांगावयाचे. नाक भरदार असले की पैसा टिकतो. कानांच्या पाळ्या लांब असल्या की आयुष्य दीर्घ. परंतु गालांची हाडे उंच असणे हे पुरुषाच्या ठिकाणी अधिकाराचे लक्षण, तर स्त्रीच्या ठिकाणी अवलक्षण! अशी बायको सुरीवाचून नवऱ्याचा जीव घेते, अशी चिनी म्हणच आहे.

इतिहासकार सिमा छ्येन याने एक गोष्ट नोंदविली आहे. ल्यू नावाच्या एका गृहस्थाला मुखपरीक्षेचा नाद होता. त्याच्या घरच्या मेजवानीला लिऊ बांग नावाचा एक किरकोळ अंमलदार आला. खिशात दमडी नसताना त्याने दहा हजार नाण्यांचा आहेर जाहीर केला! तरी त्याचे उंच नाक व भव्य मुद्रा पाहून यजमानाने आपली कन्या त्याला देऊ केली. मुलीची आई संतापली. खुद्द तालुक्याच्या अधिकाऱ्याने मागणी घातली असता ती नाकारलीत, आणि आता या माणसाला मुलगी देता? यावर, हे बायकांना कळावयाचे नाही, एवढेच उत्तर तिला मिळाले.

पुढे इ. स. पूर्व २०२ मध्ये लिऊ बांग हान घराण्याचा पहिला सम्राट झाला व ती मुलगी सम्राज्ञी झाली. भाकीत खरे ठरले, असे कोणीही म्हणेल. पण त्याआधी ती दोन वर्षांहून अधिक काळ शत्रूच्या कैदेत होती. पती वारल्यावर तिने सवतीचे अमानुष हाल केले आणि सवतीच्या मुलाला विष देवविले. इ. स. पूर्व १८० पर्यंत राज्याची सूत्रे तिच्याच हाती होती. बापाला चेहऱ्यात पद दिसले. मुलीच्या वाट्याचे दुःख व तिच्या मनातील क्रौर्य दिसले नाही. शिवाय ही कथा लिहिली गेली ती सुमारे शंभर वर्षांनी, सारे घडून गेल्यावर. फसलेली भाकिते कोण लिहून ठेवतो?

या विद्येला विरोध चीनमध्येच झाला होता. इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातील तत्त्वज्ञ श्युन्झी याने तिच्याविरुद्ध एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. थोर राजे कोणी उंच होते, कोणी ठेंगणे. म्हणून रूपापेक्षा मन पाहावे, आणि मनापेक्षाही माणसाने पत्करलेला मार्ग पाहावा, असे त्याचे म्हणणे.

त्या आईचा प्रश्न याहून निराळा नव्हता. तिनेही जावयाचे नाक पाहिले नव्हते, वागणूक पाहिली होती. आपल्या घरी मुलगी पाहण्याचा प्रसंग येईल, मग आपण कोणत्याही बाजूच्या असू, तेव्हा तिची आठवण ठेवावी.