तुंबलेली मोरी

कृष्णा आणि कोयना यांच्या संगमावर वसलेलें कऱ्हाड हें फार जुनें गांव होय. भारहुतच्या स्तूपावरील कोरीव लेखांत करहकट या गांवच्या दात्यांचे उल्लेख येतात, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वींही हें नांव दूरदेशीं ठाऊक होतें. जवळच आगाशिवाच्या डोंगरांत भिक्षूंनीं लेणीं खोदलीं आणि पिण्याच्या पाण्यासाठीं कातळांतच पोढी कोरल्या. स्वच्छ पाणी कोठून आणलें याची साक्ष अशी दगडांत राहते. वापरलेलें पाणी कोठें गेलें याची मात्र कोणी नोंद ठेवीत नाहीं. राजांच्या वंशावळी पाठ असणाऱ्या माणसासही आपल्या घरच्या मोरीचा इतिहास सांगतां येत नाहीं.

जुन्या वाड्यांतील मोरी साधी होती. दगडी फरशी, उतार, भिंतीला एक भोंक आणि पलीकडे परसांत अळूचा वा केळीचा वाफा. खरकटें आधींच गुरांच्या वाट्याला जाई. भांडीं राखेनें व नारळाच्या शेंडीनें घासलीं जात. तांब्यापितळेला चिंच लागे. राखेंत क्षार असतो, तो तुपातेलाशीं मिळून त्याचा थोडाफार साबणच करितो, आणि उरलेली स्निग्धता राखच शोषून घेते. शिवाय पाणी विहिरीवरून वा नदीवरून डोक्यावर आणावें लागे, त्यामुळें तें सांडण्याची चैन नव्हती. नळीच नव्हती, मग तुंबणार काय? अर्थात् या साधेपणाची किंमत कोणाच्या मनगटांनीं दिली हें घरांतील स्त्रियांना विचारावें.

नळ आला आणि सारें पालटलें. मुंबईस १८६० सालीं विहारचें पाणी आलें. पाणी आंत आणणें सोपें ठरलें, तें बाहेर घालविणें कठीण. लंडनची गोष्ट निराळी नव्हती. १८५८ च्या उन्हाळ्यांत थेम्सची दुर्गंधी पार्लमेंटांत शिरली, तेव्हां कोठें भुयारी गटारांना पैसा मंजूर झाला. घरांतील नळीला वांक देण्याची युक्ति त्याही आधींची. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनें १७७५ सालीं शौचकूपासाठीं तिचें पेटंट घेतलें. वांकांत थोडें पाणी सदैव साचून राहतें व गटाराचा वायु घरांत येऊं देत नाहीं. परंतु जेथें पाणी थांबतें तेथेंच तेलाचा थरही थांबतो, आणि पहारेकऱ्याची जागा तीच तुंबण्याची जागा होऊन बसते.

भांडीं घासण्याचें यंत्र अमेरिकेंतील जोसेफिन कॉक्रेन या बाईंनीं केलें. पेटंट १८८६ च्या डिसेंबरांतील. तारेच्या चौकटींत भांडीं रचावीं आणि त्यांवर गरम पाण्याचा मारा करावा, ही त्यांची कल्पना. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनांत तें नांवाजलें. पण गिऱ्हाइकें मिळालीं तीं मुख्यतः हॉटेलें. घरोघर तितकें गरम पाणी होतें कोठें! आपल्याकडे या यंत्राचा बोलबाला झाला तो २०२० च्या टाळेबंदींत, भांडीं घासणाऱ्या बाईंना घरीं येण्याची मनाई झाली तेव्हां. हात गेले आणि त्यांची आठवण झाली.

यंत्रानें हात वांचविले तरी खरकटें नाहींसें केलें नाहीं. तें फक्त नजरेआड नेलें. भांड्यांची फोडणी, तुपाचा राप, भाताचीं शितें हीं सारीं नळीवाटे रस्त्याखालच्या गटारांत जातात, आणि तेथील तुंबलेलें काढावयास फार काळ ठराविक जातींचीं माणसेंच उतरविलीं गेलीं. १९३२ सालीं रत्नागिरीच्या तुरुंगांत अप्पासाहेब पटवर्धनांनीं मैला साफ करण्याचें काम आपणास मिळावें असा आग्रह धरला; तें नाकारलें गेल्यावर त्यांनीं अन्नाचा त्याग आरंभिला आणि येरवड्याहून गांधीजींनींही सहानुभूतीचें उपोषण केलें. गाडगेबाबा तर गांवांत शिरतांच खराटा हातीं घेत, कीर्तन मागाहून. त्यांच्या नांवाचें महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेनें १९५४ सालीं कऱ्हाडासच काढलें. पुढें २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणांत एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत कऱ्हाड देशांत पहिलें आलें, याचा नागरिकांना अभिमान वाटला तर नवल नाहीं. परंतु गटारांत माणूस उतरवून जीव धोक्यांत घालण्यास मनाई करणारा कायदा २०१३ चा, आणि त्यानंतरही असे मृत्यू थांबलेले नाहींत. २०२३ सालीं सर्वोच्च न्यायालयास अशा मृत्यूंची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर न्यावी लागली.

घरची नळी घरच्यांनींच मोकळी करणें मात्र मुळींच अवघड नाहीं. यंत्राच्या तळाशीं पाणी साचलेलें दिसलें तर आधीं विजेचा संबंध तोडावा. पाणी वाटीनें उपसून गाळणी काढावी. बहुतेक वेळां चोर तेथेंच सांपडतो. नाहीं तर सिंकखालीं बादली ठेवून वांक उघडावा, यंत्राची खरबरीत नळी सोडवावी आणि लवचीक तार वा लांब ब्रश फिरवून गरम पाण्यानें धुवावी. दाहक चूर्णें ओतूं नयेत, आणि आम्ल व ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधींच करूं नये. त्यांतून विषारी क्लोरीन वायु निघतो. निघालेला चिकट गोळा पुन्हां मोरींत न टाकतां कागदांत गुंडाळून कचऱ्यांत द्यावा. नळी परत बसवितांना तिचा मधला भाग ओट्याच्या खालच्या अंगास उंच बांधावा, म्हणजे सिंकमधील घाण उलटून यंत्रांत येत नाहीं. मग यंत्र रिकामेंच एकदां चालवून पाहावें. तळाशीं पाणी उरलें नाहीं, कीं काम झालें.