नारोशंकराची घंटा आणि आनंदवल्लीचा वाडा

पंचवटीत गोदेच्या काठी नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ साली बांधविलेल्या रामेश्वराच्या देवळापुढे, प्राकाराच्या भिंतीत नदीकडे तोंड करून, एक थोरली घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हा सनाचा आकडा असून घडण पोर्तुगीज आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ साली वसई सर केली तेव्हाच्या विजयाची ती खूण, हत्तीवरून मिरवीत नाशिकास आणलेली, अशी परंपरा आहे. नाशिककर मात्र तिला वसईची म्हणत नाहीत, नारोशंकराची म्हणतात. आणि श्रावण-भाद्रपदात नदी फुगली म्हणजे नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आले हे पाहून झाल्यावर, पुढची चौकशी घंटेची होते.

या घंटेपासून नदीच्या वरच्या अंगाला दीड-दोन कोसांवर आनंदवल्ली आहे. आता ते गंगापूर रस्त्यावरचे एक उपनगर झाले असून, जुने नाव पुसून रघुनाथराव दादासाहेबांनी आपल्या पत्नीच्या नावावरून त्या गावास हे नाव दिले आणि तेथे वाडा बांधून पुतण्या थोरल्या माधवराव पेशव्यांशी बिनसले की तेथे मुक्काम ठोकला, हे तिथल्या इमारतींच्या गर्दीत कोणाच्या ध्यानीही येत नाही. १७६७ च्या अखेरीस मुंबईकर इंग्रजांनी मॉस्टिन यास थोरल्या माधवरावांकडे पुण्यास वकील म्हणून धाडले, तेव्हा त्याचा सोबती ब्रोम यास मुद्दाम नाशिकास दादांच्या भेटीस पाठविले. एका दौलतीकडे दोन वकील! परक्या सत्तेने कोणाचे घर फोडावयाचे योजिले म्हणजे ती आधी त्या घराची दारे मोजते. पुढच्याच वर्षी माधवरावांनी धोडपच्या किल्ल्याखाली चुलत्याचा मोड करून त्यास पुण्यास नजरकैदेत ठेवले, आणि हे दार काही काळ बंद झाले.

ते उघडले १७७५ साली. नारायणरावांच्या वधानंतर बारभाईंनी सवाई माधवरावांच्या नावे कारभार हाती घेतला, आणि पदच्युत झालेल्या दादांनी ६ मार्च रोजी सुरतेस इंग्रजांशी तह करून, सुमारे अडीच हजार फौजेच्या मोबदल्यात दरमहा दीड लाख रुपये, सहा लाखांचे जवाहीर तारण, आणि शिवाय साष्टी व वसई देऊ केली. ज्या वसईसाठी सख्ख्या चुलत्याने, चिमाजी आप्पांनी, माणसांची पर्वा केली नव्हती, ती पुतण्याने कागदावर सोडली; आणि सोडणारा त्या वेळी ना गादीवर होता ना राजधानीत. गंमत अशी की या तहास पहिला आक्षेप खुद्द कलकत्त्याच्या कौन्सिलाने घेतला. त्यांनी हे युद्ध अनधिकृत व अन्याय्य ठरविले, आणि कर्नल अपटन यास पाठवून १७७६ साली पुरंदरचा निराळा तह केला. या न्यायबुद्धीने फार भारावून जाण्याचे कारण नाही, कारण तिच्यामागे मुंबईकरांनी आपली परवानगी घेतली नाही हा रागच मोठा होता. युरोपातही त्या काळी हा प्रश्न धूसरच होता: १७५८ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रविधीवरील ग्रंथात वातेल या पंडिताने परराष्ट्राच्या अंतस्थ कारभारात ढवळाढवळ निषिद्ध ठरविली खरी, पण यादवीत न्याय्य पक्षास साह्य करण्याची वाट मोकळी ठेविली, आणि न्याय्य पक्ष कोणता हे ठरविणारा बहुधा साह्य करणाराच असतो. वडगावला १७७९ च्या जानेवारीत मुंबईच्या फौजेची नाचक्की झाली, १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांनी दादांचा पक्ष सोडला, आणि दादा कोपरगावी जाऊन पुढच्याच वर्षी वारले.

येथवरची कथा शौर्याची म्हणून आपण आवडीने सांगतो. पण माझ्या मते खरा पेच मुलाच्या वेळी पडला. दुसरे बाजीराव वडिलांसारखे गादीवर हक्क सांगणारे नव्हते, गादीवर बसलेले होते. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरला त्यांचा पराभव केला आणि ते इंग्रजांच्या आश्रयास गेले. ३१ डिसेंबर रोजी, पुन्हा वसईसच, त्यांनी सहा पलटणींची तैनाती फौज कायमची पत्करून तिच्या खर्चास सव्वीस लाखांचा मुलूख तोडून दिला, आणि इंग्रजांस विचारल्यावाचून अन्य दरबाराशी बोलणे न करण्याचे कबूल केले. १९८६ साली हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाराग्वाच्या खटल्यात जो भेद केला, की राज्यकर्त्या सरकारच्या विनंतीवरून आलेली फौज एक वेळ क्षम्य, परंतु विरोधी पक्षाच्या विनंतीवरून आलेली नव्हे, तो येथे लावून पाहावा: बापाचा तह तत्काळ रद्द होतो, मुलाचा उभा राहतो. सक्तीने करविलेला तह निरर्थक, हे आजचे तत्त्वही त्यास लागत नाही, कारण सक्ती होळकरांची होती आणि करार इंग्रजांशी होता. ज्या तहाने राज्य बुडाले तो कायद्याने निर्दोष निघतो! याच तैनाती फौजेने १८०४ च्या ऑक्टोबरात कर्नल वॉलेसच्या हाताखाली आपल्या जिल्ह्यातील होळकरांचे चांदवड व गाळणा घेतले. पेशव्यांच्या रक्षणासाठी बोलाविलेल्या पलटणी पेशवाईच्याच एका खांद्यावर चालून गेल्या.

सक्ती पाहावयाची तर १८१७ सालची पाहावी. बाजीरावांचा विश्वासू त्र्यंबकजी डेंगळे यास स्वाधीन करावे, आणि तोवर सिंहगड, पुरंदर व रायगड तारण द्यावेत, अशी मागणी इंग्रजांचा रेसिडेंट एल्फिन्स्टन याने मे महिन्यात पुण्याभोवती फौज उभी करून केली, आणि जूनच्या तहात मराठमंडळाचे प्रमुखत्व सोडल्याचेही बाजीरावांकडून लिहून घेतले. तो कागद आजच्या कोणत्याही न्यायासनापुढे टिकणार नाही. परंतु त्या वेळी न्यायासन पुण्यात नव्हते, पलटणी होत्या, आणि त्या पंधरा वर्षांपूर्वी राजीखुशीने आलेल्या होत्या.

पुढे पेशव्यांचे इंग्रजांशी युद्ध जुंपले, आणि १८१८ च्या एप्रिलात त्र्यंबकचा किल्ला पडला. खरी झुंज झाली ती मालेगावास, त्याच नारोशंकरांनी बांधविलेल्या भुईकोटात. आतल्या अरब शिबंदीने मे-जून असा जवळजवळ महिनाभर कर्नल मॅकडॉवेलला थोपवून धरले, आणि इंग्रजांची दोनशेंवर माणसे ठार वा जखमी झाली. अखेर अरबांच्या जमादाराने किल्ला खाली करण्यापूर्वी आम्हांस नीट वागविण्याचे लेखी द्या असे म्हटले. तो कागद मराठीत लिहिला गेला, आणि लिहिणाऱ्याच्या हातून त्यात सेनापतीच्या मनात होते त्याहून अधिक उतरले: शिबंदीच्या हिताचे तेच करू, पगाराविषयी लिहू, जखमींचा खर्च सोसू. पुढे वाद पडला तेव्हा एल्फिन्स्टनने निकाल दिला की कागदातील शब्दांचा अर्थ अरबांस जास्तीत जास्त अनुकूल असा लावावा.