फुलर्टनजवळचं गॅरेज, 1964

तुम्ही आत्ता 1964 सालात आहात, दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सांता आना गावात. वर्षभरापूर्वी इथल्याच शाळकरी पोरांच्या 'द शांटेज' या बँडची 'पाइपलाइन' ही धून देशभर गाजली आणि आता गल्लीतल्या प्रत्येक पोराला गिटारमधून तसाच ओला आवाज काढायचाय.

गॅरेजमध्ये फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब ॲम्प आहे, जवळच्याच फुलर्टनच्या कारखान्यातला. व्हॉल्व्ह तापलेत. मागे जाऊन वाकून बघा. तळाशी पिशवीत पत्र्याचा लांबट डबा आहे आणि त्यात स्प्रिंगा ताणून बसवल्यात. हाच स्प्रिंग रिव्हर्ब. एका टोकाची कॉइल गिटारच्या सिग्नलवर छोटं चुंबक हलवते, स्प्रिंगला पीळ बसतो आणि ती लहर दुसऱ्या टोकाला पोचली की तिथली कॉइल तिचा पुन्हा सिग्नल करते. लहर तिथून उलटी फिरते, परत येते, विरेपर्यंत येरझाऱ्या घालते.

आता तळवा ब्रिजजवळ तारांवर टेकवा आणि जाड तारेवर पिक जोरात मारा. डुबुक! विहिरीत थेंब पडावा तसा. एकाच फटक्यातल्या उंच-खालच्या फ्रिक्वेन्सी स्प्रिंगमधून वेगवेगळ्या वेगाने धावतात, तो थेंब त्यातूनच येतो. हलक्या हाताने वाजवलंत तर तो हाती लागणार नाही. ॲम्पला धक्का मात्र देऊ नका, स्प्रिंगा आपटून गडगडाट होईल.

पायाजवळचा स्विच दाबा, ट्रेमोलो सुरू. पॅनेलवर 'व्हायब्रॅटो' छापलंय, पण सूर जागचा हलत नाही, आवाज तेवढा लहान-मोठा होतो. आत निऑनचा इवलासा दिवा लुकलुकतोय. त्याच्यासमोर उजेड पडला की विजेला वाट करून देणारा घटक आहे. दिवा पेटला की सिग्नलचा काही भाग ग्राउंडला जातो आणि आवाज दबतो.

एकच स्वर छेडा आणि थांबा. तार गप्प झाली तरी स्प्रिंगचा घुमारा हेलकावे घेतोच आहे, कारण या सर्किटमध्ये ट्रेमोलो रिव्हर्बच्या नंतर येतो. जुन्या आवाजाचा जीव या क्रमात आहे, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून आज घरी पेडल जोडताना स्प्रिंग रिव्हर्ब आधी लावा, ट्रेमोलो नंतर. फेंडरच्या 1961 च्या स्वतंत्र रिव्हर्ब युनिटवर होतं तसं 'ड्वेल'चं, म्हणजे स्प्रिंगकडे सिग्नल किती जोरात जाईल ते ठरवणारं बटण असेल, तर ते वाढवा आणि 'मिक्स' बेताचा ठेवा. आणि पिक जोरात मारा.