एका गीतावरील दंड

ऑक्टोबर १९९९ मधील एका सायंकाळी अमेरिकेतील ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहरी के.बी.ओ.ओ. नामक नभोवाणी केंद्रावरून एक गीत ध्वनिक्षेपित झाले. गीताचे नाव 'युवर रेव्होल्यूशन', म्हणजे 'तुझी क्रांती'. ते रचणारी व म्हणणारी सारा जोन्स ही न्यूयॉर्कची एक तरुण कवयित्री व नटी. रात्रीचे दहा वाजावयास अद्याप अवकाश होता. कोणा श्रोत्याच्या कानांस ते शब्द खटकले आणि त्याने संघसरकारच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनकडे तक्रार गुदरली. मे २००१ मध्ये कमिशनने केंद्रास ७,००० डॉलर दंडाची नोटीस दिली.

गीताचा आशय काय होता? त्या काळच्या लोकप्रिय रॅप गीतांतून स्त्रीदेहाची जी वर्णने चालत, त्यांतलेच शब्द उचलून एक स्त्री त्या गायकांस बजावते की, तुमच्या क्रांतीच्या वल्गनांस माझ्या देहाचा आधार मिळावयाचा नाही. शब्द उघडेवाघडे होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ते तिचे नव्हते. ज्यांचा धिक्कार करावयाचा, त्यांच्याच तोंडून घेतलेले होते. अश्लीलतेविरुद्ध लिहिलेले गीत अश्लीलतेच्याच आरोपाखाली सापडावे, हा प्रकार विचित्र खरा. पण त्याची मुळे फार मागे जातात.

दंड बसला ते केंद्र व्यापारी नव्हते. लुइस हिल नावाच्या एका युद्धविरोधी गृहस्थाने १९४६ साली कॅलिफोर्नियात पॅसिफिका नावाची संस्था स्थापिली आणि १५ एप्रिल १९४९ रोजी बर्कली येथे तिचे पहिले केंद्र, के.पी.एफ.ए., सुरू केले. साबणाच्या वा सिगारेटच्या जाहिरातदाराने पैसे दिले की तोच कार्यक्रमाचा धनी होतो. तेव्हा पैसे श्रोत्यांनीच वर्गणीरूपाने द्यावेत, अशी त्याची कल्पना. हिलचा हा मार्ग पुढे इतर गावांनीही धरला. पोर्टलंडचे केंद्र १९६८ पासून चालते, तेही वर्गणीवर आणि बव्हंशी बिनपगारी स्वयंसेवकांच्या श्रमावर. अशा ठिकाणी ध्वनिमुद्रिका निवडणारा मनुष्य म्हणजे दिवसभर अन्यत्र नोकरी करून संध्याकाळी हौसेने येणारा कोणी शेजारीच. बड्या केंद्रांनी बाजूस सारलेले गीत लोकांस ऐकविणे, हेच त्याच्या येण्याचे प्रयोजन. त्याच्याजवळ वकील नसतो, आणि ७,००० डॉलर ही रक्कम अशा संस्थेस हलकी नव्हे.

पॅसिफिकेच्याच न्यूयॉर्क येथील डब्ल्यू.बी.ए.आय. केंद्रावर १९७३ साली जे घडले, त्यावरून या विषयाचा कायदा ठरला. ३० ऑक्टोबर रोजी दुपारी दोनच्या सुमारास तेथून जॉर्ज कार्लिन या विनोदी वक्त्याचे एक भाषण लावण्यात आले. नभोवाणीवर कधीही उच्चारू नयेत असे सात शब्द कोणते, याचीच त्यात थट्टा होती, आणि अर्थातच सातही शब्द पुनःपुन्हा उच्चारलेले होते. भाषणापूर्वी श्रोत्यांस सूचना दिलेली होती. पण मोटारीत मुलासह चाललेल्या एका बापाने मधूनच यंत्र लावले. त्याला सूचना कोठून ऐकू येणार? त्याने तक्रार केली. १९७५ साली कमिशनने केंद्रास दोषी ठरविले. दंड केला नाही, मात्र तो ठपका परवान्याच्या कागदपत्रांत नोंदवून ठेवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ३ जुलै १९७८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी केंद्र हरले.

बहुमताच्या निकालातील युक्तिवाद साधा होता. पुस्तक मनुष्य विकत घेऊन उघडतो, नाटकास तिकीट काढून जातो; नभोवाणी मात्र न विचारता दिवाणखान्यात शिरते, आणि अक्षरओळख नसलेले मूलही ती ऐकते. म्हणून जे शब्द छापण्यास मोकळीक आहे, त्यांना ध्वनिक्षेपणात वेळेचे बंधन घालता येते. हे बंधन पुढे सकाळी सहा ते रात्री दहा असे स्थिर झाले. निव्वळ अश्लील ते केव्हाही वर्ज्य. जे केवळ अशिष्ट, ते रात्री दहानंतर चालेल. त्या बापाची तक्रार हसण्यावारी नेण्याजोगी नव्हती आणि ही वाटणीही अविचाराची म्हणता येत नाही. शिमग्यात गावोगाव ज्या आरोळ्या उठतात, त्या कोणी पाडव्याच्या सकाळी देऊ लागला तर गावच त्याला गप्प करील. शब्द तेच, दिवस निराळा.

अडचण आली ती अशिष्ट कशास म्हणावे, येथे. कमिशनच्या व्याख्येत संदर्भ पाहावा असे आहे. जोन्सच्या गीतात सामाजिक टीका आहे हे कमिशनने २००१ च्या नोटिशीत मान्यही केले. पण तेवढ्याने गीत सुटत नाही, असे ठरविले. आपल्या साहित्यशास्त्राने या बाबतीत अधिक बारकावा दाखविला आहे. लज्जा, जुगुप्सा व अमंगल यांचा बोध करून देणारे असे अश्लीलाचे तीन प्रकार मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त दोषांमध्ये घातले. आणि लगेच असेही सांगितले की, वैराग्य उपजविण्यासाठी केलेल्या कथनात हाच दोष गुण होतो. अकराव्या शतकातील या काश्मिरी पंडितासमोर पोर्टलंडचे गीत ठेवले असते, तर शब्द कोणता यापूर्वी त्याने तो कशासाठी योजला हे विचारले असते.

त्याच सुमारास, जून २००१ मध्ये, कॉलोराडोतील एका व्यापारी केंद्रावर एमिनेम या रॅप गायकाच्या गीतासाठी असाच ७,००० डॉलरांचा दंड सुचविण्यात आला होता. ते गीत तर आक्षेपार्ह शब्द गाळून वाजविलेले. कमिशनने जानेवारी २००२ मध्ये ही नोटीस मागे घेतली. जोन्सच्या गीतावरील कलंक मात्र तसाच राहिला. तिने त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या संघन्यायालयात फिर्याद गुदरली; सप्टेंबरमध्ये न्यायालयाने ती काढून टाकली, कारण कमिशनचा निर्णय अद्याप अंतिम नव्हता. म्हणजे दंड अंतिम नाही म्हणून न्याय नाही, आणि नोटीस उभी आहे तोवर गीत दिवसा वाजविण्याची छाती कोणाची होणार? तिने अपील केले. ते चालू असतानाच फेब्रुवारी २००३ मध्ये कमिशनने आपला निर्णय फिरविला: प्रकरण अगदी काठावरचे आहे, तथापि गीतातील वर्णने दंड करण्याइतकी उघड नाहीत. हेच गीत म्हणण्यासाठी जोन्सला शाळांतून निमंत्रणे येत, याचीही दखल त्या वेळी घेतली गेली. मुलांच्या रक्षणार्थ ज्यावर दंड ठोठावला, ते मुलांपुढेच म्हणविले जात होते! या सर्वांत पावणेदोन वर्षे गेली.

या केंद्रांवर वाजणारे प्रत्येक उघडे गीत जोन्सच्या गीताइतके सहेतुक असते, असे मुळीच नाही. कित्येक केवळ चेष्टेखातर वाजतात, आणि शेजारधर्म म्हणून ती उशिरा लावावीत किंवा लावूच नयेत, हे सांगण्यास कमिशनची गरज नसावी. भारतात २००६ साली स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक नभोवाणीची परवानगी मिळाली, तेव्हा आकाशवाणीची कार्यक्रमसंहिता पाळण्याची अट परवान्यातच घालण्यात आली. त्यामुळे येथे हा वाद बराचसा उंबरठ्यावरच मिटविलेला आहे. अमेरिकेत तो निवडणाऱ्याच्या विवेकावर सोडला, आणि मग त्या विवेकाच्या मानेवर दंडाची तलवार टांगली. २००६ साली तेथे दंडाची कमाल मर्यादा ३२,५०० डॉलरांवरून ३,२५,००० डॉलरांवर नेण्यात आली.

तिचा परिणाम लगेच पुढील वर्षी दिसला. ॲलन गिन्सबर्ग याचे 'हाउल' हे काव्य अश्लील नाही, असा निकाल सॅन फ्रान्सिस्कोच्या एका न्यायाधीशाने १९५७ च्या ऑक्टोबरात दिला होता. त्यास पन्नास वर्षे झाली म्हणून कवीच्याच आवाजातील ते काव्य ऐकवावे, असे न्यूयॉर्कच्या डब्ल्यू.बी.ए.आय. केंद्राच्या मनात होते. १९७३ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडलेले केंद्र ते हेच. दंडाचा आकडा पाहून केंद्राने बेत बदलला. ध्वनिमुद्रण इंटरनेटवर, जेथे कमिशनचा अधिकार चालत नाही, तेथे ठेवण्यात आले. नभोवाणीवर ते लागले नाही.