फैजपूरचा बांबू

दोंडाईच्याच्या स्टेशनावरून जाणारी सुरत-भुसावळ लाईन मला लहानपणापासून माहीत आहे ती मिरचीच्या पोत्यांमुळे. याच लाईनच्या दोन बाजूंना काँग्रेसची दोन ग्रामीण अधिवेशने भरली होती, हे मात्र फार उशिरा कळले. पूर्वेला भुसावळपलीकडचे फैजपूर, डिसेंबर १९३६. पश्चिमेला बारडोलीच्या बाजूचे हरिपुरा, फेब्रुवारी १९३८. दोन्हीकडची सजावट शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांची.

तोवर अधिवेशने शहरांत भरत. खेड्यातले पहिले अधिवेशन फैजपूरचे. गांधीजींनी बोलावले तेव्हा नंदलालबाबू बिचकले होते. आपण चित्रे काढणारा माणूस, नगर उभारण्यातले आपल्याला काय कळते, असे त्यांचे म्हणणे. गांधीजींना मोठा वास्तुकार नकोच होता. जे खेड्यात मिळते त्यातून, खेड्यातल्या कारागिरांच्या हातून सगळे व्हावे, एवढी त्यांची अट. मग बांबू आले, चटया आल्या. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंच्या मिरवणुकीसाठी बैलांनी ओढायचा रथ सजला. ज्या बांबूचे आपण टोपले विणतो त्याचीच कमान झाली, आणि ती पाहायला आलेल्या शेतकऱ्याला त्यात परके असे काही वाटण्याचे कारण उरले नाही.

त्याच मांडवामागे दुसरे एक काम चालले होते. अमळनेरच्या शाळेतली नोकरी १९३० साली सोडून सत्याग्रहात उतरलेले साने गुरुजी अधिवेशनाच्या प्रचारासाठी फिरले, आणि पुढे गावसफाईत, मैला वाहण्यातही पुढे झाले. नंदलालबाबूंची कमान सगळ्यांना दिसत होती. गुरुजींचे काम वासामुळे लोक टाळत होते. मला ही दोन्ही कामे एकाच जातीची वाटतात. सगळ्यांच्या वापराची जागा आपल्या घरासारखी राखायची, आणि तिच्यावर आपले नाव घालायचे नाही. कला आणि चारित्र्य हे शब्द आपण वेगवेगळ्या व्याख्यानांत ऐकतो. फैजपूरला ते एकाच मांडवाखाली राबले.

त्या मांडवात मागणी काय झाली, तेही पाहावे. १९३५ चा कायदा नाकारून, प्रौढ मताधिकाराने निवडलेली घटना समिती हवी, असा ठराव झाला. महिन्या-दोन महिन्यांत प्रांतिक निवडणुका व्हायच्या होत्या, पण मत होते ते मालमत्ता, सारा किंवा शिक्षण असलेल्यांना. मांडवाचे बांबू बांधणाऱ्या कित्येक हातांना मतपेटीजवळ जागा नव्हती. म्हणजे ज्यांच्या हाताने ती सभा उभी राहिली, त्यांच्यासाठीच ती हक्क मागत होती.

पुढे राज्यघटना झाली, तिच्या मूळ हस्तलिखित प्रतीची सजावट नंदलालबाबूंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी केली. २४ जानेवारी १९५० रोजी तिच्यावर सह्या झाल्या. जिथे घटना समितीची मागणी झाली तो मांडव आणि जी घटना झाली ती पाने, दोन्ही एकाच माणसाने सजवावीत, हा योगायोग असेल. पण मला तो खानदेशचा मान वाटतो.

फार सोवळे चित्र रंगवण्यात अर्थ नाही. अधिवेशन उठले, मांडव उतरला. मैला वाहण्याचे काम ज्यांच्या माथी जातीने मारले होते, त्यांच्या माथ्यावरून ते गुरुजींच्या चार दिवसांच्या राबण्याने उतरले नाही. चारित्र्य वाट दाखवते. पण कायदा, पैसा आणि चिकाटी यांच्यावाचून ती वाट कुणी चालत नाही. गुरुजींनाही हे ठाऊक असावे. १९४७ साली पंढरपूरचे मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून त्यांना उपोषणाला बसावे लागले.

गेल्या गणपतीत आमच्या गल्लीतली पोरे वर्गणीला आली. सोबत फ्लेक्सचा नमुना होता. वर नेते, खाली देणगीदार, त्याखाली मंडळाचे पदाधिकारी, आणि उरलेल्या कोपऱ्यात गणपती. मी त्यांना फैजपूरची गोष्ट सांगितली. फोटो नसलेली बांबूची कमान करून पाहा म्हटले. पोरांनी मन लावून ऐकले. मग त्यातला एक म्हणाला, "मंग वर्गणी कोन देई, काका?"

प्रश्न खरा होता. मी ठरवल्यापेक्षा थोडी जास्त वर्गणी दिली, आणि पावतीवर नाव घालू नका म्हटले. पोरांनी एकमेकांकडे पाहिले आणि पावती कोरीच फाडली.