मूठ, दांडा आणि कान : कशाचे घ्यावे?

भांडे घेताना आपण तळ ठोकून पाहतो, वजन पाहतो, किमतीची घासाघीस करतो. कान आणि दांडी मात्र बघायची राहून जाते. हातोडी-कुऱ्हाडीचेही तेच. हात भाजणे, भांडे निसटणे, हातोडीचे डोके उडणे हे प्रकार मात्र नेमके तिथेच होतात. तरसाली-मकरपुरा भागातील आपल्या अनेक घरांत स्वयंपाकघराइतकीच हत्यारांची पेटीही वापरात असते, म्हणून दोन्हींची माहिती येथे एकत्र देत आहोत.

आधी उष्णतेचे पाहू. स्टेनलेस स्टीलच्या तुलनेत अॅल्युमिनियम दहा-पंधरा पट आणि तांबे पंचवीस पट उष्णता वाहून नेते. लाकूड मात्र स्टेनलेसच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याइतकीच नेते. म्हणून अॅल्युमिनियमच्या कढईला अॅल्युमिनियमचेच कान असले तर ते लगेच तापतात, आणि स्टेनलेसची लांब, पोकळ दांडी बराच वेळ हातात धरता येते. लोखंडी उलथणे किंवा झारा मुठीशिवायही चालतो, तो दांड्याच्या लांबीमुळे. महाप्रसादाच्या मोठ्या कढईसाठी आखूड झारा कधीही आणू नये. तिथे तेलाची वाफ आणि भट्टीची धग दोन्ही हातावर येतात.

आपल्या जुन्या पातेल्याला तर दांडीच नव्हती. काठ आणि सांडशी, एवढ्यावर घर चालत असे. पितळ-तांब्याच्या भांड्यांना ही सोय उत्तम होती, कारण तापणारी मूठ भांड्याला लागलेलीच नाही. आमच्या मते आजही रोजच्या दुधा-आमटीच्या पातेल्याला यापेक्षा चांगली व्यवस्था नाही. फक्त सांडशीची टोके झिजून गुळगुळीत झाली आणि मधला खिळा ढिला झाला की ती बदलावी. पाच-सहा लिटरच्या भरल्या पातेल्याला एक सांडशी पुरत नाही, दोन्ही बाजूंनी धरावे.

कुकर आणि नॉनस्टिक तव्याची काळी मूठ बहुधा बॅकेलाइटची असते. लिओ बेकलंड यांनी १९०७ साली शोधलेले हे प्लास्टिक एकदा घडले की पुन्हा वितळत नाही, फार तापले तर करपते आणि ठिसूळ होते. साधारण दीडशे अंशांपर्यंत ते ठीक राहते. गॅसची ज्योत थेट लागली तर नाही. लहान भांडे मोठ्या बर्नरवर ठेवले की ज्योत कडेने वर येते आणि मूठ खालून जळते. वरून काही दिसत नाही, म्हणून महिन्यातून एकदा मूठ उलटी करून पाहावी. कुकरच्या बाबतीत हे अधिक महत्त्वाचे, कारण पुष्कळ कुकरांत झाकणाची आणि भांड्याची दांडी एकमेकींत अडकूनच झाकण बसते. मोडलेल्या दांडीला तार गुंडाळून कुकर चालवणे हा काटकसरीचा प्रकार नव्हे. त्याच कंपनीची, त्याच मापाची दांडी घ्यावी. नवा कुकर घेताना आयएसआय खूण पाहावी, ती २०२१पासून सक्तीची आहे.

कढईच्या कानांना रिवेट असेल तर उत्तम. नुसते वेल्डिंगचे ठिपके असतील तर कान धरून भांडे थोडे पिळून पाहा. करकर आली तर ठेवून द्या.

आता लाकूड. ठोके बसणाऱ्या हत्याराला साग घेऊ नये. साग दिसायला देखणा, पाण्यात टिकणारा, पण धक्क्याला कमी पडतो. कुऱ्हाड, घण, कुदळ यांना धावडा, तिवस किंवा बाभूळ. (कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण तो गोतातल्या चिवट मंडळींतलाच निवडतात.) इथल्या दुकानात बाभळीला बावळ आणि दांड्याला हाथो म्हणावे लागते, गांडो बावळ म्हणजे वेडी बाभूळ, ते झाड वेगळे. फावड्या-दंताळ्याला भरीव मानवेल बांबू हलका आणि पुरेसा. दांडा डोळ्यासमोर आडवा धरून रेषा पाहावी. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे. मधेच बाजूला निघून गेली किंवा गाठ आली, तर दांडा तिथेच मोडणार.

बडोद्याच्या हवेत खरी अडचण सांध्याची आहे. पावसाळ्यात लाकूड फुगते, एप्रिल-मेमध्ये आकसते आणि हातोडीचे डोके हलू लागते. मग हातोडी रात्रभर बादलीत बुडवायची, हा घरोघरी चालणारा उपाय. त्याने दोन दिवस बरे वाटते, पण फुगलेले रेषे लोखंडात दबतात आणि वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षा ढिला होतो. त्याऐवजी नवी पाचर ठोकावी. नवा दांडा उन्हाळ्यातच, पूर्ण सुकलेला असताना बसवावा. वरून चकचकीत व्हार्निश नको, त्याने हाताला फोड येतात; जवसाचे तेल चोळावे. तेलाची फडकी मात्र बोळा करून टाकू नयेत. जवस वाळताना उष्णता सोडते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. ती उघड्यावर पसरून वाळवावीत.

सुरी-विळ्याची शेपटी मुठीत पूर्वी लाखेने बसवत. जुन्या तलवारींच्या मुठीही तशाच बसवलेल्या असत. लाख थंड असताना पक्की धरते, तापली की सोडते. म्हणून अशी सुरी उकळत्या पाण्यात टाकू नये. संखेड्याची लाखकाम केलेली रंगीत कातीव लाकडे घराची शोभा वाढवतात, पण तसल्या लाखेच्या मुठीची पळी शेगडीजवळ नको.

कानस विकत घेताना मूठ बहुधा वेगळी घ्यावी लागते आणि पुष्कळजण घेतच नाहीत. उघडी शेपटी तळहातात घुसते, हे कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारावे. पक्कड आणि स्क्रूड्रायव्हरवरचे रंगीत प्लास्टिक हे बहुतेक वेळा पकडीसाठी असते, विजेपासून संरक्षणासाठी नव्हे. विजेच्या कामासाठी मुठीवर १००० व्होल्ट आणि दोन त्रिकोणांची खूण असलेले हत्यार मागावे, आणि ते हातात असले तरी मेन स्विच आधी बंद करावा. प्लास्टिकला चीर गेली की ते हत्यार विजेच्या कामातून काढून टाकावे. वरून टेप गुंडाळून भागत नाही.